चोवीस तासांचा दिवस कोणाचा?

दिवस चोवीस तासांचा असतो, हे विधान शाळेच्या पहिल्या इयत्तांतच पाठ होते आणि पुढे आयुष्यभर त्याविषयी शंका घेण्याचा प्रसंग बहुधा कोणावर येत नाही. पगार महिन्याचा, रजा दिवसाची, तासिका मिनिटांची. आणि हजेरीपटावरील लाल शेऱ्याला तर पाच-दहा मिनिटांचा उशीरही पुरेसा होतो. ज्या मापाने एवढे व्यवहार मोजले जातात, ते माप स्वतः तरी स्थिर असले पाहिजे, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः आकाशाकडे पाहून दिवस मोजू गेल्यास लागोपाठचे दोन दिवस अगदी सारख्या लांबीचे सापडणे कठीण. आणि कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून दिवस मोजू गेल्यास, गेल्या दीडशे वर्षांत त्याची लांबी निसर्गाने नव्हे, तर कायद्याने वारंवार बदललेली दिसते.

यांतील पहिला प्रश्न खगोलशास्त्राचा आणि दुसरा अर्थशास्त्राचा, अशी विभागणी करून मोकळे होता येईल. परंतु हे दोन्ही प्रश्न एकमेकांत पुरते गुंतलेले आहेत. घड्याळ हे निसर्गाची निमूटपणे नोंद करणारे यंत्र नसून तो समाजाने स्वतःशी केलेला एक करार आहे. आणि प्रत्येक करारात जसा कोणाचा तरी लाभ होतो व कोणाला तरी तोशीस पडते, तसे येथेही घडते. ही तोशीस कोणावर पडते याचा विचार करण्यापूर्वी मुळात दिवस मोजला कसा जातो, हे पाहणे इष्ट ठरेल.

मध्यम सूर्य आणि स्पष्ट सूर्य

सूर्य एकदा डोक्यावर, म्हणजे याम्योत्तर रेषेवर, आल्यापासून पुन्हा तेथे येईपर्यंतचा काळ म्हणजे एक सौर दिवस. भिंतीच्या किंवा काठीच्या सावलीवरून तो कोणालाही मोजता येतो. परंतु हा दिवस वर्षभर सारखा नसतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तो चोवीस तासांपेक्षा सुमारे अर्ध्या मिनिटाने मोठा, तर सप्टेंबरच्या मध्यास चोवीस तासांपेक्षा वीस-एकवीस सेकंदांनी लहान असतो. याला दोन कारणे आहेत. पृथ्वीची कक्षा वर्तुळाकार नसून लंबवर्तुळाकार असल्यामुळे जानेवारीच्या आरंभी, सूर्याजवळ असताना, ती अधिक वेगाने धावते आणि जुलैच्या आरंभी मंदावते. दुसरे असे की, तिचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्याने सूर्याचे आकाशातील मार्गक्रमण विषुववृत्ताला समांतर न होता तिरपे होते.

वीस-तीस सेकंदांचा फरक क्षुल्लक वाटतो. पण रोजच्या जमाखर्चात पडणारी लहानशी तूट महिनाअखेर जशी भली मोठी होते, तसा हा फरक साचत जातो. सावलीचे घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ यांच्यात फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुमारे १४ मिनिटांचे, तर नोव्हेंबरच्या आरंभी उलट बाजूने सुमारे १६ मिनिटांचे अंतर पडते. मुंबईचेच उदाहरण घ्यावयाचे तर तेथे सूर्य डोक्यावर येण्याची वेळ सरासरीने दुपारी १२ वाजून ३९ मिनिटे ही आहे; पण फेब्रुवारीत ती १२ वाजून ५३ मिनिटांपर्यंत पुढे जाते आणि नोव्हेंबरात १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत मागे येते. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला असूनही मुंबईत सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या उत्तरार्धात, याचे इंगित हेच. मकरसंक्रांत उलटून दिवस मोठा होऊ लागला तरी सकाळच्या शाळेला निघालेल्या मुलाला रस्त्यात अंधारच का लागतो, या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे.

असा लहरी सूर्य घड्याळाला मानवत नाही. म्हणून ज्योतिर्विदांनी एक काल्पनिक सूर्य कल्पिला. तो वर्षभर एकाच गतीने चालतो, कधी घाई करत नाही, कधी रेंगाळत नाही. त्याला ‘मध्यम सूर्य’ म्हणतात आणि जो प्रत्यक्ष दिसतो तो ‘स्पष्ट सूर्य’. चोवीस तासांचा दिवस हा या मध्यम सूर्याचा दिवस होय. म्हणजेच ज्या दिवसाने जगाचा व्यवहार चालतो, तो आकाशात नियमाने उगवणारा दिवस नसून वर्षभराच्या दिवसांची काढलेली सरासरी आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सरासरीचा उपयोग आणि सरासरीचा धोका हे दोन्ही परिचित असतात. सरासरी उत्पन्नाने कोणाचे पोट भरत नाही, तसे सरासरी सूर्याने कोणाचे अंगण उजळत नाही. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

सूर्याऐवजी ताऱ्याकडे पाहून पृथ्वीचे परिभ्रमण मोजले तर दिवस २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा भरतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकत असल्यामुळे सूर्य पुन्हा समोर येण्यासाठी तिला जवळजवळ चार मिनिटे अधिक फिरावे लागते. वर्षभरात या चार मिनिटांची बेरीज बरोबर एका फेरीइतकी होते. आर्यभटाने इसवी सन ४९९ मधील आपल्या ग्रंथात ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या दिल्या आहेत. त्यांतून वर्षांची संख्या वजा केली की १,५७,७९,१७,५०० हे सूर्योदयी दिवस उरतात. या आकड्यांवरून पृथ्वीच्या एका फेरीचा काळ काढला तर तो आजच्या मापनाशी सेकंदाच्या अल्पशा अंशापर्यंत जुळतो. दुर्बीण नाही, लंबकाचे घड्याळ नाही, अशा काळातली ही अचूकता आहे.

पंचांगातील दिनमान

महाराष्ट्राच्या घराघरांत खिळ्याला टांगलेल्या पंचांगाने या बदलत्या दिवसाशी सामना वेगळ्या रीतीने केला. पंचांगाचा दिवस मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयाला संपतो. त्याचे साठ भाग म्हणजे घटिका, घटिकेचे साठ भाग म्हणजे पळे. घटिका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचे. पाण्यात तरंगत ठेवलेल्या छिद्राच्या वाटीला भरून बुडायला जो वेळ लागे, ती घटिका. लग्नाच्या मांडवात हे घटिकापात्र घंगाळात सोडून मुहूर्त साधला जाई, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे.

परंतु पंचांगाने एका बाबतीत प्रत्यक्षाशी तडजोड केली नाही. उजेडाचा काळ किती, हे ‘दिनमान’ या सदरात ते रोज वेगळे देत आले. मुंबईच्या अक्षांशावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिनमान १३ तास १३ मिनिटांच्या आसपास, म्हणजे ३३ घटिका असते. डिसेंबरात ते सुमारे ११ तासांवर, म्हणजे साडेसत्तावीस घटिकांवर येते. दोहोंतील अंतर सव्वादोन तासांच्या आतच. लंडनमध्ये हेच अंतर जवळजवळ पावणेनऊ तासांचे असते. तेथे उन्हाळ्यातला दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि हिवाळ्यातला आठ तासांहूनही लहान. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची युक्ती युरोपात का रुजली आणि येथे का रुजली नाही, याचे कारण या आकड्यांतच सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, हिंदुस्थानातही घड्याळ तासभर पुढे करण्यात आले होते. युद्ध संपताच ती व्यवस्था मोडीत निघाली.

तिथी हा तर याहून चंचल दिवस. चंद्र-सूर्यांतील अंतर बारा अंशांनी वाढण्यास लागणारा हा काळ कधी वीस तासांच्या आसपास, तर कधी सव्वीस तासांहून अधिक असतो. तिथीचा क्षय आणि वृद्धी यांचे मूळ त्यात आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात कालगणनेच्या या सर्व पद्धतींचा इतिहास मराठीत मांडला आहे. नाक्षत्र, सौर, सावन, चांद्र असे अनेक दिवस या परंपरेत एकत्र नांदले. कार्यपरत्वे त्यांतला एक निवडला गेला. एकच दिवस खरा आणि बाकीचे खोटे, असा आग्रह तिने धरला नाही.

मंदावणारी पृथ्वी

मध्यम सूर्य तरी स्थिर आहे काय? अठराव्या शतकापर्यंत पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे हे विश्वातले सर्वांत बिनचूक घड्याळ मानले जाई. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे ही गती हळूहळू मंदावत असली पाहिजे, असा तर्क कांटने १७५४ साली मांडला. पुढे बाबिलोन, चीन, ग्रीस आणि अरब देशांतील ग्रहणांच्या जुन्या नोंदींनी त्याला पुष्टी दिली. आजच्या लांबीचा दिवस धरून मागे हिशेब करत गेल्यास अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रहणे जेथे दिसायला हवी होती तेथे न दिसता कित्येक तासांच्या अंतरावर पूर्वेकडे दिसलेली आढळतात. या विसंगतीवरून निघणारा निष्कर्ष असा की, दिवस दर शतकाला सरासरीने सुमारे १.७ सहस्रांश सेकंदाने लांबत आहे. प्रवाळांच्या जीवाश्मांवरील रोजच्या वाढीच्या सूक्ष्म रेघा मोजून जॉन वेल्स यांनी १९६३ साली दाखवले की, सुमारे सदतीस-अडतीस कोटी वर्षांपूर्वी वर्षात चारशेच्या आसपास दिवस होते. वर्षाची लांबी तीच धरली तर तेव्हाचा दिवस बावीस तासांच्या जवळपास येतो. पृथ्वी गमावत असलेली ही गती चंद्राला मिळते आणि तो दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर सरकतो.

मंदावण्याची ही क्रिया सरळ रेषेत होत नाही. वाऱ्यांचे प्रवाह, समुद्राचे पाणी, पृथ्वीच्या गाभ्यातील द्रव यांच्या हालचालींमुळे दिवस सहस्रांश सेकंदाने कधी लांबतो, कधी आखडतो. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्फटिकाची घड्याळे आल्यावर दिवसाच्या लांबीत ऋतूंनुसार पडणारा फरक प्रथम स्पष्टपणे मोजता आला. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस किंचित आखूड असतो असे दिसून आले. १९५५ साली इंग्लंडमध्ये एसेन आणि पॅरी यांनी सीझियम अणूवर चालणारे घड्याळ सिद्ध केले आणि १९६७ साली सेकंदाची व्याख्याच पृथ्वीपासून तोडून अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांशी जोडण्यात आली. दिवसाचा ८६,४०० वा भाग म्हणजे सेकंद, हे जुने नाते उलटले. आता सेकंद स्वतंत्र आणि दिवस त्याने मोजला जाणारा.

या दोहोंत मेळ राखण्यासाठी १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद मिळवण्याची पद्धत सुरू झाली. अधिक महिन्याची ही जणू वामनमूर्तीच. २०१६ अखेरपर्यंत असे सत्तावीस सेकंद मिळवले गेले. त्यांतला शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याला आला आणि बहुतेकांच्या झोपेतच निघून गेला. त्यानंतर पृथ्वीने काहीसा वेग घेतलेला दिसतो. ५ जुलै २०२४ चा दिवस नेहमीच्या मापाहून १.६६ सहस्रांश सेकंदाने लहान भरला. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ साली असे ठरवले की, २०३५ पर्यंत या जादा सेकंदाची पद्धत थांबवून घड्याळ आणि पृथ्वी यांच्यात अधिक अंतर चालू द्यावे. दूरसंचार आणि संगणक यांच्या सोयीसाठी सूर्याने थोडे मागेपुढे व्हावे, असा हा निर्णय आहे. सामान्य माणसाला त्याची झळ त्याच्या हयातीत जाणवणार नाही. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दिवस कोणता मानायचा हे शेवटी आकाशात ठरत नाही, ते बैठकीत ठरते.

मुंबईच्या घड्याळांचा तंटा

बैठकीत ठरलेली वेळ लोकांनी मुकाट्याने स्वीकारली नाही, याची साक्ष मुंबई शहर देते. एकोणिसाव्या शतकात मुंबई, मद्रास आणि कलकत्ता यांची घड्याळे आपापल्या सूर्याने चालत. मुंबईची वेळ मद्रासच्या सुमारे अर्धा तास मागे आणि कलकत्त्याच्या तासाभराहून अधिक मागे. रेल्वेने देशभर मद्रासची वेळ स्वीकारल्यावर शहराच्या आणि स्थानकाच्या घड्याळांत फारकत झाली. १८८१ च्या डिसेंबरात गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांतही मद्रासची वेळ लागू केली, तेव्हा शहरात एवढा असंतोष माजला की, १८८३ साली सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला.

१ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली प्रमाणवेळ देशभर अमलात आली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरच्या आसपासच्या सूर्याची वेळ होय. मुंबईचे रेखांश त्याहून पावणेदहा अंशांनी पश्चिमेला असल्यामुळे शहराचे घड्याळ एकदम ३९ मिनिटे पुढे ढकलावे लागणार होते. गिरण्यांनी नवी वेळ स्वीकारली, तेव्हा काही ठिकाणी कामगारांनी काम बंद पाडून तिला विरोध केला. जानेवारीच्या थंडीत सूर्य उशिराने उगवण्याच्या नेमक्या दिवसांत भोंगा ३९ मिनिटे आधी वाजू लागला, तर त्याचा अर्थ चाळीतल्या माणसाला पंचांगाविना कळत होता. मुंबईच्या महापालिकेने तर जुनी मुंबई वेळ पुढे चार दशकांहून अधिक काळ सांभाळली आणि स्वातंत्र्यानंतरच ती सोडली. कलकत्त्याची स्थानिक वेळही १९४८ पर्यंत टिकली.

या तंट्याला केवळ प्रादेशिक अभिमान किंवा परकीय सत्तेविषयीचा राग एवढेच नाव देऊन चालणार नाही. प्रमाणवेळेचे लाभ निःसंशय मोठे आहेत. आगगाडी, तार, बाजार, बँक यांना एक वेळ हवी असते आणि ती सर्वांनी मानली तरच तिचा उपयोग. अर्थशास्त्राच्या भाषेत ही सार्वजनिक हिताची वस्तू आहे. परंतु अशा वस्तूची किंमत सर्वांना सारखीच पडते असे नाही. ज्याला आपल्या कामाची वेळ ठरवता येते, त्याला घड्याळाचे काटे पुढे गेले काय आणि मागे गेले काय, सारखेच. ज्याची वेळ दुसरा ठरवतो, त्याचा अंधार मात्र वाढतो.

गिरणीचा दिवस

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास हा या दृष्टीने दिवसाच्या लांबीचा इतिहास आहे. १८५० नंतरच्या दशकात पहिली गिरणी सुरू झाली तेव्हापासून विजेचा दिवा येईपर्यंत कामाचा दिवस सूर्याच्या हाती होता. उजाडले की साचे सुरू, मावळले की बंद. त्यामुळे पंचांगातले दिनमान हेच कामाचे तास. हिवाळ्यात थोडे कमी, उन्हाळ्यात तेरा तासांच्या पुढे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढांच्या दिवसाला त्याने हात लावला नाही.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे जे निवेदन तयार केले, त्यातील एक मागणी मुद्दाम पाहण्याजोगी आहे. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे, असे तीत म्हटले होते. दिवसाचा आरंभ घड्याळाने, शेवट सूर्याने. या एका वाक्यात दोन युगांचा सांधा दिसतो. पहाटेच्या अंधारात कामगाराला ओढून आणणाऱ्या मालकाविरुद्ध त्याने घड्याळाचा आधार घेतला. आणि संध्याकाळी त्याच घड्याळाने आपल्याला अडकवू नये म्हणून सूर्याला साक्षीला बोलावले. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती याही मागण्या त्या निवेदनात होत्या. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरण्यांत १८९० साली मिळाली.

विजेच्या दिव्याने हा सांधा तोडला. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत वीज आली आणि तेजीच्या त्या काळात कामाचा दिवस चौदा तासांवर, कोठे कोठे त्याहूनही पुढे गेला. सूर्याने घातलेली मर्यादा नाहीशी झाली आणि कायद्याची मर्यादा अजून यायची होती. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगातील बहुसंख्य सदस्यांनी प्रौढ पुरुषाच्या कामाचे तास कायद्याने थेट ठरवण्यास विरोध केला. डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून बारा तासांची मर्यादा मागितली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांपुरती ती मान्य केली. त्यानंतर १९२२ साली अकरा तास, १९३४ साली दहा तास, १९४६ साली नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, असा हा दिवस टप्प्याटप्प्याने आखडत आला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने तीच नऊ तासांची मर्यादा कायम केली.

कामाच्या दिवसाला स्वतःची अशी नैसर्गिक लांबी नसते, ती दोन पक्षांच्या बळाने ठरते, हा मुद्दा मार्क्सने १८६७ सालीच विस्ताराने मांडला होता. इतिहासकार ई. पी. टॉम्प्सन यांनी १९६७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात, काम संपले की दिवस संपतो या जुन्या रीतीकडून दिवस संपला की काम संपते या नव्या शिस्तीकडे समाज कसा ओढला गेला, ते इंग्लंडच्या संदर्भात दाखवले. मुंबईने तो प्रवास आणखी थोड्या काळात आणि परक्या सूर्याच्या घड्याळावर केला.

सरासरीच्या आड

हा सगळा इतिहास झाला, असे म्हणून तो मिटून ठेवण्यासारखी परिस्थिती नाही. देशाचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे एकोणतीस अंशांचा, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दोन तासांचा आहे. एकट्या महाराष्ट्रात मुंबई आणि गोंदिया यांच्या सूर्यांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर आहे. आसामच्या चहामळ्यांत घड्याळ तासभर पुढे ठेवणारी ‘बागान टाइम’ची रीत चालत आली, ती याच कारणाने. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली ईशान्येसाठी स्वतंत्र प्रमाणवेळ सुचवली. रेल्वेची सुरक्षितता आणि प्रशासनाची एकवाक्यता यांमुळे केंद्र शासनाने ती स्वीकारली नाही. या कारणांत तथ्य आहे. परंतु घड्याळ एक ठेवायचे असेल तर शाळेची आणि कचेरीची वेळ प्रदेशपरत्वे बदलण्याला कोणती आडकाठी आहे, या प्रश्नाला त्याने उत्तर मिळत नाही.

पश्चिम भागाची अडचण नेमकी उलटी. येथे सूर्य उशिरा मावळतो, मुले उशिरा झोपतात, आणि शाळेची घंटा मात्र सूर्याला विचारत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला, त्यामागे लहान मुलांच्या झोपेचाच विचार होता. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांची व्यवस्थेची अडचण खरी आहे. तरीही घड्याळाची सोय आणि मुलाची झोप यांत मुलाच्या झोपेला झुकते माप दिले गेले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

याच राज्याच्या मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यांतील दैनिक कामाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीस तासांचीच राहील, जादा कामाला जादा वेतन आणि कामगाराची संमती लागेल, असे त्याचे समर्थन करण्यात आले. १९११ च्या बारा तासांशी याची सरसकट तुलना करणे न्याय्य होणार नाही. तेव्हा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचे बंधन नव्हते. उद्योगांना लवचिकता हवी, गुंतवणूक यावी, हे हेतूही गैर म्हणता येणार नाहीत. परंतु येथे पुन्हा मध्यम सूर्य आणि स्पष्ट सूर्य यांचा भेद उपस्थित होतो. आठवड्याची बेरीज तीच राहिली म्हणजे दिवसही तोच राहिला, हा हिशेब वहीत जुळतो. शरीर मात्र आठवड्याच्या सरासरीने जगत नाही, ते त्या त्या दिवसाने जगते. बारा तासांच्या पाळीला विरार किंवा बदलापूरहून येण्याजाण्याचे दोन-तीन तास मिळवले, तर चोवीसपैकी नऊ-दहा तास उरतात आणि त्यांत स्वयंपाक, मुले, म्हातारी माणसे आणि झोप बसवावी लागते. घरचे काम बहुतांशी जिच्या अंगावर पडते, त्या स्त्रीच्या बाबतीत ही वजाबाकी आणखी कठोर होते. संमतीचा प्रश्नही तसाच. कंत्राटावरच्या कामगाराची सही ही त्याची संमती मानायची की त्याची गरज, याचा निवाडा केवळ कागदावरून होत नाही.

दिवसाच्या लांबीविषयी खगोलशास्त्राने दिलेला धडा येथे उपयोगी पडावा. शास्त्रज्ञांनी मध्यम सूर्य कल्पिला. पण स्पष्ट सूर्य नाकारला नाही. दोहोंतील अंतर किती, ते कोणत्या दिवशी किती वाढते, याचे कोष्टक त्यांनी शेजारी छापले आणि सहस्रांश सेकंदाच्या फरकाचीही नोंद ठेवली. कामाच्या तासांचे नियम करणाऱ्यांकडून एवढीच अपेक्षा आहे. सरासरीचा कायदा करताना प्रत्यक्ष दिवसाचे कोष्टक शेजारी असावे: पाळी किती तासांची, सलग किती दिवस, प्रवास किती, विश्रांती किती, अपघात कोणत्या तासाला होतात. आणि हे कोष्टक मांडताना ज्यांना पहाटे उठायचे आहे, त्यांना विचारले जावे. १८८१ साली मुंबईकरांना विचारले नव्हते आणि १९०६ साली गिरणीकामगारांना विचारले नव्हते. दोन्ही वेळा घड्याळ बरोबर होते, तरी वेळ चुकली होती.

पृथ्वी शतकाला दोन सहस्रांश सेकंदांनीही दिवस वाढवत नाही. माणसाच्या कामाचा दिवस एका निर्णयाने तीन तासांनी वाढू शकतो. यांतली पहिली वाढ कोणाच्या हाती नाही. दुसरी पूर्णपणे समाजाच्या हाती आहे.